भिकुबाई गप्प राहिली

भिकुबाई,

तुला 'तू'च म्हणते. तेव्हाही म्हणत होते, पण हाताखालची म्हणून. तू मला 'तू' म्हणायचीस ते मात्र मला खपायचं नाही. जळगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत तू शिपाई, मी मराठी शिकवणारी. मधल्या सुट्टीत पाण्याचा तांब्या ठेवत तू विचारायचीस, "बाई, तू जेवनी का?"

"तुम्ही जेवलात का, असं म्हण."

"मायले बी आम्ही तूच म्हनतस. तू काय परकी शे का?"

"शे नाही. आहे."

"बरं. आहे शे."

शिक्षिकांची खोली हसायची. मी नाही.

माझा स्वभावच तसा. 'भाडोत्री पाहिजे' अशी पाटी लावणाऱ्या घरमालकाला मी दारात जाऊन सुनावून आले होते, की तुम्हाला भाडेकरू हवाय, भाडोत्री मारेकरी असतात. वाटीभर साखर 'उधार' मागणाऱ्या शेजारणीकडून आधी 'उसनी' म्हणवून घेतलं, मग साखर दिली. तू तर रोज समोर. आयतीच सापडलीस.

सदुसष्ट साली तुझी नोकरी कायम व्हायची होती. नवरा गेलेला, मूल नाही, शाळेमागची खोली हेच घर. कायम झालीस तर खोली राहणार, नाहीतर दोन्ही जाणार. शिक्षण खात्याचे साहेब येऊन चार प्रश्न विचारणार होते. मी पंधरा दिवस तुझ्याकडून घोकून घेतलं. 'घंटा मी देते. पाणी मी भरते. सहा वर्षं झाली.' एकही 'शे' नको, साहेबांना 'आपण' म्हणायचं.

साहेबांनी विचारलं, "बाई, इथं काय काम करता?"

तू गप्प.

"घंटा कोण देतं?"

गप्प. ओठ हलले, आवाज नाही. नजर माझ्याकडे.

"मुकी आहे का ही?"

"छे हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एरवी गप्प बसवावं लागतं."

सगळे हसले. 'तुझ्या भाषेत बोल,' एवढं मी म्हणायचं होतं. नाही म्हटलं. मी शिकवलेल्या बाईच्या तोंडून साहेबांपुढे 'शे' निघालं असतं, तर माझी लाज गेली असती. साहेबांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि चहा घेतला.

फाटकापाशी तू म्हणालीस, "तोंडमा बठ्ठं व्हतं, बाई. पन तुनं का मनं, तेच समजेना." सगळं तोंडात होतं, पण माझे शब्द की तुझे, हेच तुला कळेना.

खोली सोडायला महिना दिला होता. एरंडोलला तुझी थोरली बहीण धुरपदाबाई होती, पण तिच्या सासरी न विचारता जायचं कसं? तू कोरं कार्ड घेऊन आलीस. "लिख. अक्का, मनी नोकरी गई. तुना घर ऱ्हाऊ का?"

मी 'सप्रेम नमस्कार'पासून तोंडी सुरुवात केली. तू हात आडवा धरलास. "मी बोलनू तसंच लिखजो. नहीतं तिले वाटी, कोनी दुसरंच बोली ऱ्हायनं."

"उद्या लिहून टाकते," मी म्हणाले.

तसं लिहायला माझा हात धजेना, आणि शुद्ध लिहायची तुझी मनाई. दोन शब्दांचं काम, पण मी पेन उघडायची आणि बंद करायची. चार दिवसांनी तू विचारलंस, "जवाब ऊना का?" मी म्हणाले, "अजून नाही." शुद्ध मराठीत खोटं बोलले. तू रोज विचारलंस, मी रोज तेच सांगितलं. शेवटी तूच म्हणालीस, "तिना घरनास्ले नको व्हई." तिच्या सासरच्यांना तू नको असशील, असं धरून चाललीस आणि महिना संपताच बोचकं उचलून मजुरणींच्या टोळीबरोबर फैजपूरकडे केळीच्या बागांत निघून गेलीस.

मी दोनदा फैजपूरला जाऊन विचारलं. लोक म्हणाले, बाई, बागांत भिकुबाया पुष्कळ.

कार्ड माझ्या शब्दकोशात आहे. पत्ता घातलेला आहे: धुरपदाबाई, मुक्काम एरंडोल. मागची बाजू कोरी.