माकडशिंगीच्या माळावरची हाक

आधीच सांगते — मी कॉलेजात बॉटनी शिकवते, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आजवर यथेच्छ टर उडवलेली आहे. आता तुम्ही माझी उडवलीत तरी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

आम्ही बडोद्याचे, निजामपुऱ्यात राहतो. मला आणि ह्यांना एकच खूळ — वाळवंटी झाडं त्यांच्या जागी जाऊन बघायची. लोक कच्छला पांढरं रण बघायला जातात, आम्ही काटे बघायला! गेल्या हिवाळ्यात नखत्राण्याच्या पुढच्या एका माळावर गेलो होतो. तिथे माकडशिंगीची एक दुर्मिळ जात आहे असं कळलं होतं. बोटाएवढी, मांसल, बिनपानांची ही वनस्पती गुगळाच्या नाहीतर थोराच्या झुडपात सावलीला दडून बसते. त्यामुळे शोधणारा माणूस मान खाली घालून एका झुडपाकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो, आणि आपण कुठवर आलो याचं भान राहत नाही. म्हणून आमची जुनी पद्धत — मिळालं की हाक द्यायची. हे ओरडणार "सापडलं गं!", मी ओरडणार "अहो, सापडलं!"

ड्रायव्हर विनुभाई रस्त्यावर गाडीपाशी थांबले. ह्यांना डायबेटीस आहे. सकाळी इन्शुलिन घेतलं, पण ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून नाश्ता अर्धा टाकून उठले. ग्लुकोजची पुडी माझ्या पिशवीत होती.

"लांब जाऊ नका हं," मी बजावलं.

"तूच जाऊ नकोस," हे म्हणाले.

थोड्या वेळाने मान वर केली, तर हे दिसेनात. हाका मारल्या... उत्तर नाही. फोनला रेंज नाही. चारी बाजूंना सारखीच खुरटी झुडपं. साखर उतरली की ह्यांना धड बोलताही येत नाही, हे मी घरी पाहिलेलं होतं.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला — "सापडलं गं!"

अशी चिडले मी! इथे माझा जीव टांगणीला, आणि ह्यांना माकडशिंगी! त्या दिशेने गेले. कोणी नाही. पुन्हा हाक, जरा पुढून. काट्यांत ओढणी फाटली. "अहो, एका जागी थांबा ना!" मी ओरडले. पुन्हा तेच — त्याच सुरात, तितकंच आनंदाने. माझ्या बोलण्याला उत्तर येत नव्हतं, नुसती हाक येत होती. आता मात्र राग गेला आणि मी आवाजाच्या दिशेने धावतच सुटले.

एका गुगळाच्या मागे हे पडलेले होते. शर्ट घामाने चिंब, डोळे अर्धवट मिटलेले. ग्लुकोज ओलं करून हिरड्यांना चोळत राहिले. रडत होते आणि बडबडतही होते. बऱ्याच वेळाने ह्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि दचकले.

"तू इथे कशी?" आवाज जेमतेम फुटत होता. "तू तर पुढे होतीस... सापडलं, सापडलं म्हणून बोलवत होतीस. तुझ्याच मागे आलो मी."

मी ती हाक एकदाही दिली नव्हती. मला काही सापडलंच नव्हतं.

मी तोंड उघडणार, तोच थोराच्या दाटीपलीकडून, अगदी जवळून — "अहो, सापडलं!"

आवाज माझा होता. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात दूरवर, उलट्या दिशेला, गाडीचा हॉर्न वाजला. एकमेकांना धरून आम्ही तिकडे निघालो. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. विनुभाई रडकुंडीला आले होते. "बेन, क्यां हता तमे? क्यारनो होर्न मारूं छूं!" केव्हापासून हॉर्न वाजवत होते म्हणे; आम्हाला तो एकदाच ऐकू आला होता.

भुजच्या डॉक्टरांचं म्हणणं, त्या अवस्थेत ह्यांना ओरडणं शक्यच नव्हतं. गुराखी म्हणावा, तर त्या माळावर मराठी बोलणारा गुराखी कुठून येणार? भास म्हणावा, तर शेवटची हाक दोघांनीही ऐकली. त्या हाकेने मला ह्यांच्यापर्यंत पोचवलं हे खरं, पण ह्यांना तिथवर नेलं तेही तिनेच. मग तिला ह्यांना वाचवायचं होतं, की आम्ही दोघंही तिथे हवे होतो?

हल्ली घरात दुसऱ्या खोलीतून हाक आली, की आम्ही ओ देत नाही. आधी उठून बघून येतो.