मैनूची बोट बंदरात दिसते

पुण्याला समुद्र नाही, हे मला कुणी सांगायला नको. मी खराडीचीच. आमच्या ज्वारीच्या रानात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत बसून आम्ही समुद्रातले मासे राखतो. हसा खुशाल. माझा नवरा अजून हसतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर जैनब बसते. माहेर कोकणातलं, वडील तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे कप्तान, सासर विश्रांतवाडीला. बोटीवर एक पेटी बसवलेली असते, ती बोट कुठे आहे ते आमच्या पडद्यावर दाखवते. बोट बंद पट्ट्यात शिरली की आम्ही किनाऱ्यावरच्या मत्स्य खात्याला कळवायचं. तारली माशाची पिल्लं वाढतात तो हा पट्टा. काही महिने तिथे जाळं टाकायचं नाही. हे सगळं घडलं त्या वर्षीचा पट्टा जैनबनेच आखला होता, आणि मोठ्या हौसेने. तिच्या लहानपणी तारली टोपल्याच्या टोपल्या शेजारीपाजारी वाटायचे. मधली काही वर्षं ती औषधालाही मिळेना.

ईदला माहेरी गेली तेव्हा तिने धाकट्या भावाला, मैनुद्दीनला, हे सगळं समोर बसवून समजावलं, दक्षिण टोकाला मासा सगळ्यात दाट असतो हेसुद्धा. वडील गेल्यापासून बोट तोच चालवायचा. पोरगा गोड, पण आगाऊ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आपा, यंदा मासा कुठे आहे ते तूच सांगितलंस की." ती हसली. तो कायमच असं काहीतरी बोलायचा.

पावसाळा संपल्यावरची गोष्ट. दुपारी किनाऱ्यावर अचानक वारा सुटल्याची सूचना आली. जैनबने आधी मैनूची बोट शोधली. बंदरात होती. "शहाणा झाला गं बाई," म्हणाली आणि तिने डबा उघडला. पहिला घास तोंडात घालते तोच अम्माचा फोन. मैनू पहाटे गेलाय, अजून परतला नाही, फोन लागत नाही. जैनब म्हणाली, अम्मा, घाबरू नकोस, बोट बंदरातच आहे, मला इथून दिसतेय. अम्मा तेव्हा धक्क्यावरच उभी होती. तिथे बोट नव्हती.

मला कळायला वेळ लागला, जैनबला नाही. मैनूने पेटी काढून बंदरात बांधलेल्या कुणाच्या तरी होडीत ठेवली होती. पेटी बंदरात, म्हणून पडद्यावर बोट बंदरात. आणि पेटी मागे ठेवून माणूस कुठे जातो, हे का वेगळं सांगायला हवं?

तिने डबा बाजूला सारला. सांगावं तर परवाना जाणार, वडिलांची बोट जप्त होणार, खलाशांची घरं बसणार. न सांगावं तर खात्याच्या लेखी मैनू बंदरात सुखरूप. त्याला शोधायला जाणार कोण? तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं, तासभर थांब, येईल. मीही तेच म्हणाले असते, खोटं कशाला बोलू. जैनबने फोन उचलला आणि खात्याला लावला.

"तुम्हाला ती बोट बंदरात दिसत असेल. ती तिथे नाही. बंद पट्ट्याच्या दक्षिण टोकाला शोधा. तांडेल माझा भाऊ आहे."

एवढंच. एक शब्द चुकला नाही. मग ती माझा हात धरून बसली. नखं रुतली तरी मी हात सोडवला नाही.

सापडले. अगदी तिथेच सापडले. इंजिन बंद, बोटीत पाणी, पण माणसं सगळी जिवंत. पुढे व्हायचं ते झालं. परवाना रद्द झाला, बोट ओढून नेली. मैनू सांगत सुटला की दोस्ताची बोट आम्हाला घ्यायला येतच होती, बहिणीने फुकट गळा कापला. वाचवायला गेलेले म्हणत होते, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. माहेरच्यांनी मैनूचं खरं धरलं. अम्माने फोन करणं सोडलं. असला राग आला मला त्या माणसांचा!

गावात कुणी कामावर घेईना, तेव्हा मैनू पुण्यातच आला. बहिणीकडेच राहतो, एका गोदामात खोकी उचलतो. तिच्याशी अवाक्षर बोलत नाही. भाजीत मीठ कमी असलं तर दाजींना सांगतो, आणि ती हाताच्या अंतरावर बसलेली असते.

या वर्षीचा पट्टा आखायचं काम पुन्हा तिच्याचकडे आलं. न राहवून मी विचारलं, त्या दिवशी फोन केल्याचं कधी वाईट वाटतं का गं?

"रोज माझ्यासमोर बसून जेवतो, शालू," ती म्हणाली. "बोलत नाही, पण जेवतो. मला तेवढं पुरे."

पुरत नव्हतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.