आठ बोटांची उपकारस्तुती

देवाचे उपकार मानण्यात मावशींच्या पासंगालाही चर्चच्या मंडळीत कोणी पुरलं नसतं. रविवारी उपासनेत पाळकसाहेब विचारत, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" बाकीचे आपल्या बुटांकडे बघायला लागले की मावशी उठत. नळाला पाणी आलं, उपकार. नाही आलं, तरी उपकार. तेवढीच भांडी घासायची टळली. नवरा वारला तेव्हा 'फार दिवस अंथरुणाला खिळला नाही' म्हणून त्यांनी उपकार मानले. नवऱ्याला ओळखणाऱ्यांना ते मनापासून पटलं.

अठ्ठावीस वर्षं त्या एकाच लाँड्रीत होत्या. इस्पितळाच्या ओल्या चादरी दोन तापलेल्या रुळांमध्ये सरकवायच्या, पलीकडून त्या कडक इस्त्री होऊन निघत. हात आत जाऊ नये म्हणून रुळांपुढे जाळी असते. ती मोडली होती. "पुढच्या महिन्यात बसवू," मालक म्हणत. कुठल्या महिन्याच्या पुढच्या, हे विचारायची सोय नव्हती. मालक मंडळीचे पंच होते. एका मंगळवारी चादरीच्या कोपऱ्याबरोबर मावशींचा उजवा हात आत ओढला गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

सहा आठवड्यांनी, पट्टी बांधलेल्या हाताने, मावशी साक्ष द्यायला उठल्या. "देवाने दहातली आठ ठेवली. मालकांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. माझी कोणाविषयी काही तक्रार नाही." शेवटचं वाक्य त्या प्रत्येक साक्षीला जोडत, पत्राखाली 'कळावे' लिहावं तसं. मंडळीने डोळे पुसले. मासिक पत्रकात साक्ष जशीच्या तशी छापली, खाली मावशींची सही.

पुढे कारखान्यांचा इन्स्पेक्टर चौकशीला आला. मालकांनी त्याला चहा दिला आणि चहाबरोबर पत्रक. "बाई श्रद्धाळू दिसतात," म्हणत त्याने ते फाइलला लावलं. जाळी पुढच्याच महिन्यात राहिली. मावशींच्या जागी मालकांनी, माणुसकी म्हणून, त्यांच्या सुनेला घेतलं.

त्या संध्याकाळी जेवणाआधी मावशींनी प्रार्थना सुरू केली. "बापा, सुनेला काम दिलंस, तुझे उपकार..."

"आई, डोळे उघडा. काम कुठलं ते तरी विचारा."

"रुळांवर?"

"तुमच्याच रुळांवर. जाळीचं विचारलं तर मुकादम म्हणतो, बोटं गेली तिची तक्रार नाही, तुझी कसली? इन्स्पेक्टरच्या फाइलमध्ये तुमचीच साक्ष आहे म्हणे. माना असेच उपकार. पुढच्या वर्षी माझ्या बोटांचे माना."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"नाही ना. म्हणून तीच तेवढी यंत्रात सापडत नाही."

आमेन कोणीच म्हटलं नाही. भाजी निवून गेली.

सकाळी मावशी सरकारी कचेरीत गेल्या. कारकुनाने फाइल काढली.

"बाई, तक्रार नाही असं तुम्हीच म्हटलंय. ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"आणि आता तक्रार आहे. मग यातलं खोटं कुठलं?"

"कुठलंच नाही. ते मी देवाला सांगत होते, साहेब. तुमची फाइल मध्ये कुठून आली?"

कारकुनाने फाइल मिटली. खोट्या तक्रारी त्याने नोकरीभर पाहिल्या होत्या. खऱ्या उपकारांचा हा पहिलाच प्रसंग. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. मावशींनी उरलेल्या तीन बोटांत पेन धरून लिहिलं : जाळी नव्हती. मागितली होती. दिली नाही. खाली सवयीने 'आपली उपकृत' लिहिलं, मग खोडलं आणि सही केली.

पंधरा दिवसांत जाळी बसली. त्याच आठवड्यात सुनेला घरी बसवलं. माणसं जास्त झाली होती म्हणे. तिच्या जागी चर्चच्या गायनसंघातली एक मुलगी घेतली.

रविवारी पाळकसाहेबांनी साक्षीचं विचारलं. मावशी अर्ध्या उठल्या. पाळकसाहेबांची नजर त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि पुढच्या बाकावरचे मालक उभे राहिले.

"बंधुभगिनींनो, लाँड्रीत नवी जाळी बसवायची बुद्धी प्रभूने मला दिली. माझ्या कामगारांच्या हातांवर त्याचा हात आहे."

"आमेन," मंडळी म्हणाली.

"म्हणा आता तुम्हीही," सून पुटपुटली.

मावशींनी गायनसंघाकडे पाहिलं. ती मुलगी दोन्ही हातांनी गीतांचं पुस्तक धरून उभी होती. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आमेन." शांततेत ते जरा मोठ्यानेच ऐकू गेलं.

"त्यांच्यासाठी नाही म्हटलं," त्या कुजबुजल्या.

"मला कळलं," सून म्हणाली. "त्यांना सांगा."

मालक मागे वळले होते आणि मावशींकडे बघून, झालं गेलं विसरल्यासारखं, प्रेमाने मान डोलवत होते.