मामंजींचं कोमट पाणी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला चटकन बरं म्हटलं नाही. मामंजींचं एकच वाक्य ठरलेलं: "छ्या! ही काय रीत अहे?" आम्ही साताऱ्याकडचे 'आहे' म्हणतो, तंजावूरचे मराठी लोक 'अहे' म्हणतात, आणि मामंजी तो 'अहे' असा काही झटकायचे, जणू समोरचा चिखलाचे पाय घेऊन देवघरात शिरलाय. काप्पी, म्हणजे आपली कॉफी, पाणचट झाली, रीत नाही. कंडक्टरने तिकीट हातात न देता मांडीवर टाकलं, रीत नाही. पापनाशमच्या व्याह्यांनी पानाऐवजी थर्माकोलच्या ताटात वाढलं, तेव्हा तर तंजावूर येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नव्हता.

राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. महाराष्ट्रातून राजवाडा बघायला आलेली माणसं दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसलेल्या मामंजींचं मराठी ऐकून हरखून जायची. एकदा एक बाई म्हणाल्या, "अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही!" मामंजी लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरत म्हणाले, "गोड कशाला? आम्ही काय जिलबी अहों?" बाई फोटो न काढताच गेल्या. मी आतून हसत होते, पण माझी तरी कुठे सुटका होती! लग्न होऊन आले तेव्हापासून माझं मराठी त्यांच्या लेखी बातम्यांतलं. मला हाक मारायचे तीसुद्धा 'रेडिओ' म्हणून. "ए रेडिओ, काप्पी दे." मीही काही कमी नव्हते. "बातम्या संपल्या की देते," म्हणायचे.

असा हा माणूस एकाच ठिकाणी हात टेकायचा. माझी मुलगी मैथिली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून तमिळच यायचं. मामंजी तिच्याशी तमिळचा शब्द बोलत नसत आणि ती मराठीचा. "मला आजा म्हण," ते सांगायचे. "सरी, ताता," असं तमिळमध्येच 'बरं, आजोबा' म्हणून ती पळून जायची. एकदा ती गेल्यावर मला म्हणाले, "ही पोर आजा म्हणायच्या आधी मी गेलों, तर ह्या घरांतलं मराठी संपलं म्हणून समज. तुझं तर मी धरतच नाहीं."

नवरात्रात मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबायचा. गोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडून झाल्या की मैथिलीला पाटावर बसवायचे आणि कुमारिका म्हणून तिचे पाय धुवायचे. पाणी स्वतः कोमट करायचे, कोपर बुडवून बघायचे. मला तपेल्याला हात लावू देत नसत. रेडिओला पाण्यातलं काय कळतंय!

आणि मग शाळेने काढला ग्रँडपेरेंट्स डे. वर्षभर म्हाताऱ्यांना फाटकाबाहेर उन्हात उभं करायचं आणि एक दिवस त्यांच्या डोक्यावर कागदी मुकुट घालायचे, असा तो थोर सण. केक, संगीत खुर्ची, हृदयाच्या आकाराच्या चौकटीत तोंड घालून फोटो, आणि शेवटी नातवंडांनी स्टेजवर आजी-आजोबांचे पाय धुवायचे. वर टीचरचा आग्रह, तुम्ही मराठी ना, मग मराठी ड्रेसमध्येच या. मी हौशी बाई. साताऱ्याहून मैथिलीसाठी शिवलेली नऊवारी, नथ आणि मामंजींसाठी तयार गुलाबी फेटा मागवला.

फेट्याकडे बघून मामंजी म्हणाले, "हा कुठल्या बँडवाल्याचा?"

"मामंजी, सासूबाई नाहीत, माझे आईवडील साताऱ्याला. तुम्ही नाही आलात तर पोर रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहील."

आले. वेष्टी नेसून, उघड्या डोक्याने.

हॉलमध्ये बसल्या बसल्या त्यांचं सुरू झालं. संगीत खुर्चीत एक निवृत्त हेडमास्तर धडपडत खुर्ची पकडत होते. मामंजी मोठ्याने म्हणाले, "जन्मभर लोकांनी उठून खुर्ची दिली, ती आतां पळून मिळवायची? छ्या!" आजूबाजूला कुणाला मराठी कळत नव्हतं म्हणून निभावलं. मुकुट त्यांनी डोक्यावर न घेता गुडघ्यावर अडकवला.

मग स्टेजवर खुर्च्यांची रांग लागली. प्रत्येकीपुढे प्लास्टिकचा टब आणि त्यात गुलाबाच्या पाकळ्या. नथ ओठांवर घसरलेली मैथिली वाकली, तसे मामंजींनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. "कुमारिकेकडून पाय धुवून घ्यायचे? ही काय रीत अहे?" असं म्हणत ते उठले, तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि कण्हत कण्हत खाली मांडी घातली. टबात कोपर बुडवलं. पाणी गार. झालं! टीचरना तमिळमध्ये सुनावलं, गरम पाणी आणा. कार्यक्रम थांबला. काप्पीवाल्याकडून किटली येईपर्यंत हा माणूस हलला नाही. टीचर माइक हातात धरून ओरडत होत्या, "सर, रिव्हर्स! रिव्हर्स!" मामंजींनी पाणी सारखं केलं, पुन्हा कोपर बुडवलं आणि पोरीचा पाय हातात घेतला.

मैथिली लाजेने लालबुंद झाली होती. एकाएकी ती किंचाळली, "आजा, ऊठ! सगळे बघतात! ही काय रीत अहे?"

मामंजींचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे नाही, समोरच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "रेडिओ, ऐकलंस?" एवढं म्हणाले आणि दुसरा पाय धुवायला घेतला.

येताना ऑटोत म्हणाले, "शाळेची काप्पी बरी होती." मी प्यायले होते ती काप्पी. कळकट पाणी नुसतं.

त्यानंतर आजा आणि नात मराठीत भांडायला लागले. माझ्याशी मात्र तिचं तमिळच. चैत्रात मामंजी गेले आणि मैथिलीचं मराठी बंद झालं. मी मराठीत विचारायचे, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. शाळेचा तो सोहळा पुन्हा आला. टीचर म्हणाल्या, खुर्चीवर आजोबांचा फोटो ठेवा, ती फुलं वाहील. मी तिला शाळेत पाठवलंच नाही. त्यांचा फोटो त्या मुकुटवाल्यांच्या रांगेत! ते फोटोतून उठून आले असते.

नवरात्रात गोलू मांडला. मैथिली न सांगता पाटावर येऊन बसली, पाय पुढे करून. धुणार कोण? मीच तांब्या आणि ताम्हन घेऊन खाली बसले, आणि तिच्या पायांवर पाणी घातलं.

तिने पाय झटकन मागे घेतले.

"छ्या! गार पाणी! ही काय रीत अहे?"

 मी उठले आणि तपेलं गॅसवर ठेवलं. गोलूपुढून पुन्हा आवाज आला, "अम्मा, कोपर घालून बघ!"