माकडाची माफी

सूनबाई सकाळपासून मागे लागली आहे, "नाना, तुमच्या त्या वर्गाचे किस्से लिहा." मला दुसरं काम नाही की काय? शिकलो तो कसाबसा वाचण्यापुरता. पण असे किस्से बागेतल्या वाळल्या पानांसारखे असतात. उचलले नाहीत तर ढीग वाढतो आणि त्यात विंचू निघतो. या ढिगातही एक आहे. शेवटी दाखवतो.

संस्थानं विलीन होत होती तो काळ. राजे घरी बसले आणि सरकारनं आम्हाला शाळेत बसवलं. बहादरपुरात मारुतीच्या पारावर दिवेलागणीला मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. बऱ्हाणपूरहून एक तरुण मास्तर सायकलवर यायचे. मोठ्यांची पुस्तकं आलीच नाहीत, म्हणून पोरांचं पुस्तक. त्यात गोष्ट अशी, की एक माणूस झऱ्याला आणि फळझाडांना कुंपण घालतो. जनावरं उपाशी मरायला लागतात. मग त्याला पस्तावा होतो, तो कुंपण काढतो आणि एकेका जनावराची हात जोडून माफी मागतो.

माणूस, माकडाची माफी मागतो! आम्ही सगळे केळीवाले. हातातली तंबाखू हातातच राहिली.

*

पहिला सावरला सखारामतात्या. त्याची निम्मी बाग रानडुकरांनी उकरली होती. त्यानं विचारलं, हे लिहिणाऱ्याची बाग कुठे आहे?

मास्तर म्हणाले, शहरात राहतात, दारात तुळस आहे.

"मग बरोबर," तात्या म्हणाला. "कुंडीत डुकरं शिरत नाहीत."

*

दुसऱ्या दिवशी तात्या तयारी करून आला. "मास्तर, राजांची राज्यं घेतली तर त्यांना तनखा दिला. मी बाग माकडाला दिली तर मला काय?"

"पुण्य," मास्तर म्हणाले.

"हाव का? मग राजांना काहून नाही दिलं तेच?"

मास्तरांनी त्या दिवशी लवकर सायकल काढली.

*

मग तपासणीला साहेब आले. खुर्ची नव्हती, पारावरच बसले. त्यांनी तात्यालाच उठवलं. जंगल कोणाचं? 'सर्वांचं' हे उत्तर मास्तरांनी आठवडाभर घोटून घेतलं होतं.

तात्या म्हणाला, "साहेब, कालपर्यंत सरकारचं होतं. या मास्तरांनी परस्पर माकडांच्या नावावर केलं."

साहेबांचा चेहरा असा झाला, की मास्तरांची नोकरी गेली असंच आम्ही धरलं. नाही गेली.

*

आता विंचू.

माझी बहीण सुमन, तिचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे मांडवाच्या दाराला केळीचे खांब घडासकट लागतात, आणि ते घरच्या बागेतलेच. विकत आणले तर वऱ्हाडी विचारतात, बाग विकली का? मी दोन केळी राखल्या होत्या. घड वाळल्या पानांनी बांधून ठेवलेले. रोज हात लावून बघायचो.

शेजारची बाग माझ्या चुलतभावाची. राखण आम्ही पाळीनं करायचो. एक दिवस तो, एक दिवस मी, दोन्ही बागांना राखणीला बसायची एकच उंच माच आणि एकच गोफण. हा भाऊ वर्गात सगळ्यात मठ्ठ. एक ओळ धड वाचता यायची नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाळी त्याची. दुपारी मी खांब काढायला गेलो, तर बागेत वानरांचा कळप. माझे दोन्ही घड सोलून खाली! एक हुप्प्या सुमनच्या मांडवावर बसल्यासारखा केळीवर बसून खात होता. माचेवर हा. गोफण पायाखाली, पुस्तक मांडीवर, बोट अक्षरावर.

मी ओरडलो तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी.

"नानाभाऊ, गोष्ट पूर्ण वाचली. कुठेच अडलो नाही."

खांब शाहपूरच्या बाजारातून आणले. वऱ्हाड्यांनी विचारायचं ते विचारलंच, आणि सुमन मान खाली घालून बसली.

लग्न झाल्यावर मास्तरांनी पारावर सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, गोष्ट नुसती वाचायची नसते, चुकलं असेल तर माफी मागायची असते. तो लगेच उठला. मी पागोटं नीट केलं. तो माझ्या समोरून गेला, पारापलीकडच्या चिंचेखाली उभा राहिला, आणि वर बसलेल्या हुप्प्याला हात जोडून म्हणाला, "आजवर तुला गोफणीनं मारलं, माफ कर, बाबा."

मग येऊन माझ्याच शेजारी बसला.

अजून जिवंत आहे. दात गेले, जीभ आहे. सकाळीच ओट्यावर बसून पेपर वाचताना दिसला, मोठ्यानं, कुठेच न अडता. नाव त्याचं धोंडू.