भोंगा झाला की

आम्ही न्यूरो वॉर्डच्या सिस्टर्स कुठं भेटलो की चहा गार होतो, पण किस्से काही संपत नाहीत. मी आता निगडीत नर्सिंगच्या मुलींना शिकवते. पंखा, खुर्ची, दिवाळीची सुट्टी, सगळं आहे. पण खरं सांगू? त्या वॉर्डची आठवण येते. फार येते!

आमचं काम म्हणजे सारखे तेच प्रश्न. नाव काय? कुठं आहात? पेशंटचं भान किती आहे, ते त्यावरून कळतं. सवयच लागते हो! आमच्या सुनीताने एकदा घरी डुलकी लागलेल्या नवऱ्याला हलवून विचारलं, "कुठं आहात तुम्ही?"

तो डोळे न उघडता म्हणाला, "तुझ्या तावडीत!"

*

हॉस्पिटल माण गावाच्या बाजूला. डोक्याला मार लागलेले तिथलेच एक आजोबा आले.

"कुठं आहात, बाबा?"

"माझ्या गोठ्यात."

मी 'गोंधळलेत' म्हणून मोकळी! त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "न्हाई सिस्टर, हितंच हुता आमचा गोठा. तुमच्या पार्किंगपाशी."

त्या दिवशी गाडी काढताना मला कसंसंच झालं.

*

संत तुकाराम नगरचे गायकवाड काका. कंपनीतून रिटायर झाले आणि स्ट्रोकने वाचा गेली, एक हातही लुळा पडला. नजर सारखी छताला. काकू दिवसभर उशाशी. मी प्रश्न सुरू केले की वैतागायच्या, "सारखं नाव काय विचारता? स्थळ बघायला आलात का?"

एकदा मात्र डोळे पुसत म्हणाल्या, "कंपनीचा भोंगा झाला की हे डबा घ्यायचे आणि दारातून म्हणायचे, 'येतो गं.' तेवढं एकदा कानावर पडू दे गं पोरी."

मग मलाही तोच ध्यास लागला. रोज विचारायचे. काकांची नजर छतालाच.

*

मग आपत्तीचं मॉक ड्रिल आलं. भूकंप झालाय असं समजायचं आणि पेशंट हलवायचे. सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी सायरन वाजला आणि नुसता गोंधळ! सुनीता तर रिकामंच स्ट्रेचर घेऊन खाली पळाली.

मी काकांपाशी पोचले. त्यांची नजर छतावरून दाराकडे वळली होती. चांगला हात चादरीवर काहीतरी चाचपत होता. काकूंनी क्षणभर बघितलं, मग पिशवीतला स्वतःचा डबा काढून त्या हातात दिला.

"येतो गं," काका म्हणाले. बोबडं, पण नीट कळेल असं.

मी आनंदाने ओरडणारच होते. काकूंनी डबा काढून घेतला, त्यांचा हात घट्ट धरला.

"आज सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "कुठं जायचं नाही."