नवलवर आलेला आळ

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये नवल कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला आहे. माणूस गरीब स्वभावाचा, आवाजही खालचा. तरी मागच्या हिवाळ्यात गल्लीने त्याला बायकोला मारणारा ठरवलं.

बायको सुलक्षणा. तिच्या दंडांवर, मांड्यांवर काळेनिळे डाग उठायचे. कुठे आपटल्याचं तिला आठवत नसे. शेजारच्या भिकुबाईंनी ते पाहिले आणि गोष्ट साक्रीला, सुलक्षणाच्या माहेरी पोचली. भाऊ ललित तडक आला.

"तो तुले मारस का? खरं सांग."

"नही रे भाऊ, कोनी मारत नही."

मार खाणाऱ्या बायकाही हेच सांगतात. ललितने नवलची गचांडी धरली. नवलच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. खरं तर त्यालाच शंका येऊ लागली होती. झोपेत आपलाच हात लागत असेल, म्हणून तो थंडीत बाहेर ओट्यावर झोपायचा.

त्याच आठवड्यात सुलक्षणाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पाळी थांबेना. ललितनेच दोघांना जळगावला नेलं. दीड लाखाच्या वर हव्यात त्या प्लेटलेट नऊ हजारांवर आल्या होत्या. डेंग्यू निघाला नाही. मग कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त थांबवणाऱ्या या पेशी हाडात नीट तयार होतायत. पण शरीराची रोगाशी लढणारी ताकदच त्यांना परकं समजून मारतेय. म्हणून जरासा धक्का लागला तरी आत रक्त साकळतं. याला आयटीपी म्हणतात. हे मारहाणीचे डाग नाहीत."

ललित उठून नवलला म्हणाला, "चाला पाव्हना, चहा पिऊत."

माफी तेवढीच.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी प्लेटलेट चढल्या, पण सुलक्षणाचं तोंड सुजलं, झोप उडाली, साखर वाढली. गोळ्या हळूहळू कमी केल्या तशा प्लेटलेट पुन्हा उतरल्या. मग दुसरं औषध सुरू झालं. डोकं दुखलं तरी मनाने गोळी घ्यायची नाही, अशी ताकीद आहे. दर महिन्याला तपासणी, त्या दिवशी नवलचा खाडा.

आता आकडा पन्नास हजारांच्या पुढे टिकतोय. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढा पुरे. आजार मुळापासून जाईल का, हे त्या सांगत नाहीत.

परवा जळगावच्या स्टँडवर दोघं बाकावर बसले होते.

"मी थकनू," सुलक्षणा म्हणाली.

"मी बी," नवल म्हणाला, आणि धरणगावची गाडी लागली तशी तिची पिशवी उचलून उठला.